सेल्बोर्नची घरे आणि घरांचे शब्द : एका इंग्लिश पॅरिशचा वास्तुविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्लंडमधील खेड्यांच्या जुन्या घरांचे एक ठरावीक चित्र आपल्याकडील शिक्षित वाचकाच्या मनात असते. गवताने शाकारलेले उतरते छप्पर, लहान खिडक्या, दारावर चढलेला गुलाबाचा वेल आणि धुराड्यातून निघणारा धूर, असे हे चित्र होय. 'कॉटेज' हा शब्द उच्चारताच ते उभे राहते. चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्या घरांवरून ते काढले गेले, ती बहुधा गरिबांची घरे नव्हती. चार-पाचशे वर्षे टिकून राहिलेले घर मुळात टिकण्यासारखे बांधलेले होते, म्हणजेच बांधणाऱ्याच्या पदरी काही होते. शेतमजुराची झोपडी कालौघात नाहीशी झाली, आणि सुस्थित शेतकऱ्याचे घर पुढे 'कॉटेज' म्हणवू लागले. अशा स्थितीत, ज्यांची घरे उरली नाहीत त्यांच्या निवाऱ्याविषयी आपणांस काही निश्चित सांगता येईल काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

वास्तू, कागद आणि शब्द ही तीन साधने या प्रश्नासंबंधी उपलब्ध आहेत. पहिल्या दोहोंचा विचार इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. तिसऱ्या साधनाकडे भाषाभ्यासकाने लक्ष पुरविणे इष्ट आहे. कारण कागदातील शब्दाचा आजचा अर्थ गृहीत धरून वाचन केल्यास घर दिसते, परंतु चुकीचे दिसते. हे विवेचन हवेत राहू नये म्हणून हॅम्पशर परगण्यातील सेल्बोर्न या एकाच पॅरिशचे उदाहरण येथे घेतले आहे.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या व त्याच्या धर्मगुरूच्या कक्षेत येणारा भूप्रदेश. गोमंतकीय वाचकांस 'फिर्गज' या शब्दावरून ही कल्पना सहज होईल. इंग्लंडमध्ये मात्र पॅरिश हा केवळ धार्मिक विभाग राहिला नाही. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला गेला आणि ते मुलकी कारभाराचेही एकक झाले. घरांच्या इतिहासात या गोष्टीला मोठे महत्त्व आहे, हे पुढे दिसून येईल.

२. गाव आणि त्याचा वृत्तांतकार

सेल्बोर्नचे भाग्य असे, की त्याला गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हा वृत्तांतकार लाभला. त्याचा सेल्बोर्नचा निसर्गेतिहास व प्राचीनावशेष यांविषयीचा ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षी, कीटक व हवामान यांच्या निरीक्षणासाठी तो जगभर वाचला जातो. परंतु त्यात दगड, विहिरी, भिंती, दिवे व माणसे यांविषयीही मोलाची माहिती विखुरलेली आहे.

व्हाइटच्या वर्णनानुसार गाव म्हणजे सुमारे पाऊण मैल लांबीचा एकच वेडावाकडा रस्ता. नैर्ऋत्येस खडूच्या खडकाचा उंच डोंगर व त्याच्या उतारावर बीच वृक्षांचे दाट रान. या रस्त्याच्या दोन बाजूंस दोन भिन्न जातींच्या जमिनी आहेत. डोंगराकडील घरांच्या मागे चिवट चिकणमाती, जी मऊ होण्यास वर्षानुवर्षे मेहनत करावी लागे. तर ईशान्येकडील घरांच्या मागे भुसभुशीत, उबदार काळी माती, जिला गावकरी 'ब्लॅक माम' म्हणत. घर रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे, यावर त्याच्या परसातील भाजीपाल्याचे भवितव्य अवलंबून होते. विहिरी सरासरी ६३ फूट खोल असल्याचे त्याने नोंदविले आहे. गावाची जागा, मातीचा कस व पाण्याची खोली या गोष्टी वास्तूच्या आधी येतात, हे त्याच्या निवेदनाच्या क्रमावरून सहज ध्यानात येते.

३. दगड आणि गवंड्यांची बोली

सेल्बोर्नच्या भिंती मुख्यतः स्थानिक दगडाच्या आहेत. डोंगराच्या पायथ्याच्या थरांतून निघणारा फिकट, घडविण्यास सोपा दगड व्हाइटच्या काळी 'फ्रीस्टोन' म्हणून ओळखला जाई. 'फ्री' म्हणजे येथे फुकट नव्हे. कोणत्याही दिशेने छिन्नीला वश होणारा, असा त्याचा अर्थ. हा दगड आच सहन करतो, म्हणून चुलवणाचे तळ, भट्ट्यांचे बूड व चुन्याच्या भट्टीचे अस्तर यांसाठी त्याचा उपयोग होई. त्याखेरीज 'ब्लू रॅग' नावाचा कठीण दगड तबेल्यांच्या व पायवाटांच्या फरसबंदीस वापरला जात असे.

गवंडीकामातील एक शब्द व्हाइटने मुद्दाम समजावून दिला आहे. 'सर्बेड' करणे म्हणजे खाणीत दगड ज्या बैठकीत पडलेला होता ती मोडून तो भिंतीत उभ्या कडेवर बसविणे. थरांचा दगड त्याच्या नैसर्गिक बैठकीत बसविला तर टिकतो, उभा केला तर पापुद्रे सुटतात, हे ज्ञान या एका क्रियापदात सामावलेले आहे. अशी क्रियापदे कोशात उशिरा येतात आणि कारागिरांच्या तोंडून लवकर जातात.

दुसरी प्रथा अधिक मनोरंजक आहे. जवळच्या वुल्मर अरण्यात लोहयुक्त, तांबूस रंगाचा दगड सापडे. गवंडी त्याचे मोठ्या खिळ्याच्या माथ्याएवढे तुकडे करून भिंतीच्या दरजांतील ओल्या चुन्यात ओळीने खोचीत. काम देखणे दिसावे हा हेतू. परगावचे लोक ते पाहून थट्टेने विचारीत, की येथील भिंती खिळे मारून जोडल्या आहेत काय. हा अलंकार दक्षिण इंग्लंडच्या या पट्ट्यातील दगडी घरांवर आजही पाहावयास मिळतो. भिंतीवरील हे ठिपके म्हणजे लिखित नसलेली एक स्थानिक बोलीच होय. कोणता दगड किती अंतरावरून आणला जाई आणि कोणत्या गावापर्यंत एका पद्धतीचे गवंडी काम करीत, याची सीमा त्यांवरून आखता येते.

४. लाकडी सांगाडा, धूर आणि धुराडे

दगड व वीट यांच्या दर्शनी भिंतीमागे, दक्षिण इंग्लंडच्या अनेक घरांत, त्यांहून जुना ओकच्या लाकडाचा सांगाडा लपलेला असतो. खांब, तुळया व वासे यांचा सांगाडा प्रथम उभारावयाचा, आणि मधल्या जागा काटक्यांच्या विणीवर मातीचा लेप देऊन भरावयाच्या, अशी ही रीत. आपल्याकडील कुडाच्या भिंतीशी तिचे साम्य उघड आहे. सांगाड्यातील दोन मुख्य चौकटींमधील अंतरास इंग्रजीत 'बे' म्हणतात, आणि जुन्या कागदांत घराचे मोजमाप खोल्यांच्या संख्येने न करता 'बे'च्या संख्येने केलेले आढळते. मराठीत घर 'तीन खणी' वा 'पाच खणी' म्हणून सांगण्याची रीत हीच. दोन्ही भाषांत घराचे माप सुताराने ठरविले, राहणाऱ्याने नव्हे, असे म्हणावयास हरकत नाही.

मध्ययुगीन घराचा गाभा म्हणजे 'हॉल'. आज या शब्दाने सभागृह अथवा घरातील येण्याजाण्याची वाट सूचित होते. त्या काळी मात्र हॉल म्हणजे जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळी, माळा नसलेली मुख्य खोली होय. तिच्या मध्यभागी भुईवर विस्तव पेटे व धूर छपरातून वाट काढी. सर्व कुटुंब तेथेच जेवे, बसे, आणि बहुतेकांची निजण्याची जागाही तीच. अशा घरावर पुढे माळा घातला गेला, धुराडे बांधले गेले, तरी छपराच्या वाशांवरील काजळी तशीच राहिली. आज संशोधक माळ्यावर चढून प्रथम वाशांचा रंग पाहतात. वासे काजळलेले असतील तर घर मुळात मोकळ्या हॉलचे होते, हे सिद्ध होते. लाकडाचे वय वार्षिक वलये मोजूनही काढता येते. सालीलगतचे अखेरचे वलय शाबूत असल्यास वृक्ष कोणत्या वर्षी तोडला हे सांगता येते, आणि ओकचे लाकूड ओलेच वापरण्याची प्रथा असल्याने घराची उभारणीही त्याच सुमाराची ठरते. हॅम्पशरमधील अशा घरांचा एडवर्ड रॉबर्ट्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास, १२५० ते १७०० या कालखंडासाठी, या पद्धतीवर उभा आहे.

धुराड्याचा प्रसार हा ग्रामीण घराच्या इतिहासातील मोठा टप्पा होय. विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात, गावातील वृद्धांच्या आठवणीत घडलेल्या तीन बदलांची नोंद केली आहे. धुराडी वाढली, अंथरुणे सुधारली आणि लाकडी भांड्यांच्या जागी धातूची भांडी आली, असे ते बदल. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये अशा पुराव्यांच्या आधारे १५७० ते १६४० हा काळ ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ म्हणून मांडला. पुढे १९७७ मध्ये आर. मॅकिन यांनी या कालमर्यादेवर आक्षेप घेतले. पुनर्बांधणीची एकच लाट नव्हती, ती प्रदेशपरत्वे निरनिराळ्या वेळी आली, असे आज सामान्यतः मानले जाते. येथेही शब्दाने सावध राहावयास हवे. 'चिम्नी' हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन 'कामिनाता'पासून आला, आणि त्याच्या मुळाशी भट्टी या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. इंग्रजीत प्रारंभी त्याचा अर्थ छपरावरील नळकांडे असा नसून 'विस्तवाची बांधीव जागा' असा होता. १६६२ ते १६८९ पर्यंत दर चुलवणामागे वर्षास दोन शिलिंग कर घेतला जाई, त्यास लोक 'चिम्नीचा पैसा' म्हणत. त्या कराच्या याद्यांतील आकडे धुराड्यांचे नसून चुलवणांचे आहेत.

५. शब्दांचे दोन थर

इंग्लिश घराच्या शब्दसंग्रहात दोन ठळक थर दिसतात. पहिला थर जुन्या इंग्रजीचा. घर, छप्पर, दार, भुई, चूल, तुळई, वासा यांचे इंग्रजी शब्द बहुतांशी याच थरातील आहेत. संस्कृतच्या अभ्यासकास या थरात ओळखीचे चेहरे भेटतात. 'टिंबर' म्हणजे बांधकामाचे लाकूड. परंतु जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'इमारत' असाही होता, आणि त्याचे मूळ व वैदिक 'दम' म्हणजे घर यांचे मूळ एकच. आपला 'दंपती' हा शब्द त्याच 'दम'पासून सिद्ध झाला आहे. छपराच्या गवतास जो 'थॅच' शब्द आहे, त्याचा संबंध झाकणे या अर्थाच्या संस्कृत 'स्थग्' धातूशी लावला जातो. 'हॉल' आणि 'शाला' यांनाही अनेक व्युत्पत्तिकार आच्छादनार्थक एकाच धातूशी जोडतात. 'विंडो' हा शब्द मात्र उत्तरेकडील नॉर्स लोकांनी दिलेला असून त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. आपल्याकडे 'वातायन' या शब्दात वारा आहे आणि 'गवाक्ष' या शब्दात डोळा. काच लावण्यापूर्वीची खिडकी हे वाऱ्यासाठी ठेवलेले छिद्र होते, ही गोष्ट शब्दाने जपून ठेविली आहे.

दुसरा थर फ्रेंचचा. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राज्यकर्त्या वर्गाची भाषा फ्रेंच झाली आणि घराच्या अंतर्गत विभागणीचे शब्द तिच्याकडून आले. 'चेंबर' म्हणजे निजावयाची वा खाजगी खोली, 'पार्लर' म्हणजे बोलण्याची खोली, जिचा उगम मठांत आहे, 'पँट्री' म्हणजे पाव ठेवण्याची जागा, आणि 'बटरी'. या शेवटच्या शब्दाने अनेकांना फसविले आहे. त्याचा लोण्याशी काही संबंध नाही. पेयांची पिंपे ठेवण्याची ती खोली होय.

यावरून एक अनुमान निघते. घर उभारण्याची भाषा देशी राहिली, घर विभागण्याची भाषा परकी आली. ज्याच्याकडे एकच खोली आहे, त्यास विभागणीच्या शब्दांची गरज पडत नाही. म्हणून मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत 'पार्लर' वा 'चेंबर' हे शब्द कोणत्या स्तरावरील माणसाच्या घरी प्रथम दिसतात, हे पाहणे उपयुक्त ठरते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील अशा याद्या इंग्लंडमध्ये विपुल आहेत. मूल्यमापक खोलीमागून खोली हिंडत लिहीत असल्याने पाडल्या गेलेल्या घराचा आराखडाही त्यांतून पुष्कळदा उलगडतो. मात्र ज्यांच्याजवळ यादी करण्याजोगे काही नव्हते, ते येथेही अदृश्य राहतात.

६. 'कॉटेज' आणि 'टेनेमेंट'

आता मूळ शब्दाकडे वळू. 'कॉट' हा जुना इंग्रजी शब्द, अर्थ झोपडी. त्यास फ्रेंच प्रत्यय लागून व लॅटिन दप्तरांतून फिरून 'कॉटेज' तयार झाला. दप्तरातील 'कॉटेज' हा वास्तूचा आकार सांगत नाही, तर राहणाऱ्याचा जमिनीशी असलेला संबंध सांगतो. ज्याला शेत नाही, किंवा अगदी थोडे आहे, त्याचे घर ते कॉटेज. १५८९ च्या कायद्याने असे ठरविले, की किमान चार एकर जमीन जोडल्यावाचून कोणी नवे कॉटेज बांधू नये. बांधल्यास दहा पौंड दंड, आणि ते उभे ठेवल्यास दरमहा आणखी ४० शिलिंग. काही अपवाद होते आणि कायद्याचे पालन सर्वत्र सारखे झाले नाही. तथापि तो १७७५ पर्यंत रद्द झाला नव्हता. हेतू स्पष्ट होता. भूमिहीन माणूस पॅरिशमध्ये स्थायिक झाला, तर त्याच्या पोषणाचा भार पॅरिशच्या करदात्यांवर पडे. १६६२ च्या वास्तव्यविषयक कायद्याने ही भीती अधिक दृढ केली. काही जमीनदारांनी आपल्या पॅरिशमधील मजुरांची घरे पडू दिली किंवा पाडली, आणि मजूर शेजारच्या गावातून मैलोगणती चालत कामास येऊ लागले. गरिबांचा खर्च एकट्या पॅरिशवरून अनेक पॅरिशांच्या संघावर १८६५ मध्ये गेला, तेव्हा या प्रवृत्तीचे मुख्य कारण दूर झाले. गरिबांची घरे केवळ कच्ची होती म्हणून गेली असे नव्हे; ती असू नयेत यासाठी कायदा व हिशेब दोन्ही काम करीत होते.

'टेनेमेंट' हा दुसरा फसवा शब्द. मुंबईच्या वाचकास तो ऐकताच चाळीतील गाळा आठवेल. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ 'धारण करणे' असा आहे. टेनेमेंट म्हणजे धारण केलेली मिळकत, मग ती शेत असो, घर असो वा घराचा एक भाग असो. व्हाइटने ४ ऑक्टोबर १७८३ रोजीची सेल्बोर्नची स्थिती नोंदविली आहे. टेनेमेंट अथवा कुटुंबे १३६, रस्त्यावरील वस्तीत ३१३ माणसे व उरलेल्या पॅरिशमध्ये ३६३, एकूण ६७६. दर टेनेमेंटमागे जवळजवळ पाच माणसे पडतात. येथे 'टेनेमेंट अथवा कुटुंबे' असे पर्यायाने म्हटले आहे, 'घरे' असे म्हटलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत एका जुन्या शेतकरी घराचे आडभिंती घालून दोन-तीन मजूर कुटुंबांसाठी भाग करणे दक्षिण इंग्लंडमध्ये सर्रास चाले. विसाव्या शतकात तेच भाग पुन्हा जोडून एक घर करण्यात आले, आणि त्यास 'कॉटेज' हे नाव मात्र राहिले. म्हणून १३६ हा आकडा १३६ इमारतींचा धरून कोणी गावाचा नकाशा भरू लागल्यास तो चुकेल.

७. गरिबाच्या घरातील उजेड

सेल्बोर्नमध्ये गरीब पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील उद्योगी लोक दगडविटांच्या, काचेच्या खिडक्या व वर माळ्याच्या खोल्या असलेल्या चांगल्या घरांत राहतात आणि मातीची घरे गावात नाहीतच, अशा आशयाचे विधान व्हाइटने केले आहे. हॅम्पशरच्या अन्य भागांत खडूमिश्रित मातीच्या भिंती होत्या, त्या पार्श्वभूमीवर हे विधान अर्थपूर्ण आहे. दगड पायथ्याशीच उपलब्ध असल्याने मजुराचे घरही दगडी होणे संभवनीय होते. भिंतीविषयीचे त्याचे म्हणणे ग्राह्य मानण्यास अडचण नाही. परंतु भिंतीवरून राहणीचे अनुमान काढणे ही निराळी गोष्ट होय.

राहणीविषयी त्याच्याच ग्रंथात अधिक बोलका पुरावा आहे, तो लव्हाळ्याच्या दिव्याचा. उन्हाळ्यात लव्हाळे तोडावयाचे, पाण्यात भिजवून सोलावयाचे, गाभ्याला आधारापुरती एक पट्टी ठेवून बाकी साल काढावयाची, वाळवून उकळत्या चरबीत बुडवावयाचे, ही कृती तो तपशिलाने देतो. पुढे तो हिशेब मांडतो. एक पौंड वजनात १,६०० हून अधिक लव्हाळे भरले. एक पौंड सुके लव्हाळे एक शिलिंगला व त्यांस लागणारी सहा पौंड चरबी दोन शिलिंगला, म्हणजे एकूण तीन शिलिंग. प्रत्येक लव्हाळा सरासरी अर्धा तास जळतो असे धरले, तर तीन शिलिंगात ८०० तास उजेड मिळतो. एका फार्दिंगला, म्हणजे पाव पेनीला, साडेपाच तास. गरिबांतही जे अतिगरीब, ते हा साठा करू शकत नाहीत व मेणबत्तीसारखी महाग वस्तू किरकोळीने घेत राहतात, हेही त्याने पाहिले आहे. ज्या घराची वीट उरली नाही, त्या घरातील हिवाळ्याची संध्याकाळ किती फार्दिंगांची होती, हे या हिशेबामुळे आपणांस कळते.

उत्पन्नाची बाजू मात्र खचत होती. पूर्वी हिवाळ्यात बायका लोकर कातीत; जवळच्या ऑल्टन गावी तिचे उन्हाळी कापड विणले जाई. तो धंदा बसल्याचे व्हाइटने स्वतःच सांगितले आहे. त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षेही झाली नव्हती, तोच नोव्हेंबर १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडभर उसळलेल्या शेतमजुरांच्या उठावात सेल्बोर्नचे मजूर रस्त्यावर आले. चर्चला द्यावा लागणारा धान्याचा हिस्सा कमी व्हावा, म्हणजे शेतकऱ्यांना मजुरी वाढविता येईल, अशी त्यांची मागणी होती. जमावाने पॅरिशच्या अनाथगृहवजा श्रमगृहात शिरून नासधूस केली. पुढे काहींना देशांतराची शिक्षा झाली. गावातील सर्व इमारतींपैकी जमावाने रोष काढला तो याच इमारतीवर. सुबक दगडी भिंती असलेल्या गावात असे घडले, हे त्या भिंतींचे वर्णन वाचताना विसरता येत नाही.

८. 'द वेक्स' : थरांचे घर

व्हाइटचे स्वतःचे घर 'द वेक्स' हे घरांच्या वाढीचे चांगले उदाहरण आहे. त्याचा जन्म या घरी नव्हे, तर आजोबांच्या विकारेजमध्ये, म्हणजे धर्मगुरूच्या सरकारी निवासात झाला. आजोबा १७२८ मध्ये वारल्यावर ते निवासस्थान सोडणे भाग होते, व कुटुंब 'वेक्स'मध्ये आले. पूर्वीच्या वेक नामक मालकांवरून घराचे नाव पडले होते, आणि मालक बदलले तरी ते टिकले. व्हाइट कधीही सेल्बोर्नचा मुख्य धर्मगुरू होऊ शकला नाही; ते पद ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या हाती होते व तो ओरिएल कॉलेजचा होता. साहाय्यक धर्मगुरू म्हणून तो आपल्या खाजगी घरातच राहिला.

हे घर मुळात लहान होते. १७७७ मध्ये व्हाइटने त्यास मोठा पार्लर जोडला. समोर खाटकाचे आवार होते. तेथील रक्त व घाण दृष्टीआड व्हावी म्हणून त्याने १७५६ मध्ये लिंडन जातीची चार झाडे लावली. १८४४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ टॉमस बेल यांनी घर विकत घेतले, ते १८८० मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे राहिले व त्यांनीही भर घातली. १९५५ पासून ते संग्रहालय आहे. आज दिसणारी लांबलचक इमारत पाहून 'व्हाइट एवढ्या मोठ्या घरात राहत असे' असे म्हणणे म्हणजे पाठभेदांनी फुगलेल्या पोथीस मूळ संहिता समजण्यासारखे आहे.

९. स्थलनामांची साक्ष

गावातील नावेही दस्तऐवजच होत. चर्चजवळील मोकळ्या जागेस 'प्लेस्टर' म्हणतात. चुन्याच्या गिलाव्याशी या नावाचा संबंध नाही. १२७१ मधील दानपत्रात ती 'ला प्लेस्टो' या रूपात येते, आणि जुन्या इंग्रजीप्रमाणे अर्थ 'खेळण्याची जागा' असा होतो, हे व्हाइटनेच दाखविले आहे. तेथील प्रचंड ओक १७०३ च्या वादळात उन्मळून पडला. त्याच्याभोवती वृद्धांची बैठक व मुलांचे खेळ चालत. 'ग्रेंज' हे शेतघराचे नाव धान्यकोठाराच्या लॅटिन शब्दापासून आलेले असून मठाच्या जमिनीचे स्मरण देते. सेल्बोर्नचा मठ १२३३ मध्ये स्थापन झाला व पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याची मिळकत मॉडलिन कॉलेजकडे गेली. 'हँगर' म्हणजे उतारावरचे रान. विमानाच्या कोठारासाठीचा शब्द निराळा. स्वतः 'सेल्बोर्न' हे नाव वाळुंजीच्या जातीची झाडे असलेला ओढा या अर्थाचे आहे.

१०. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. एक, टिकलेले घर हे गावाचे प्रातिनिधिक घर नव्हे. न टिकण्यामागे हवापाण्याइतकाच कायद्याचाही हात असतो. दोन, दप्तरातील घरवाचक शब्द बहुधा आकार न सांगता हक्क सांगतो. तीन, गरिबाच्या घराचा पुरावा भिंतीपेक्षा तेथील व्यवहारात, म्हणजे उजेडाच्या खर्चात, विहिरीच्या खोलीत व बुडालेल्या जोडधंद्यात अधिक सापडतो.

१९४७ च्या नगररचना कायद्यानंतर इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींच्या शासकीय याद्या पद्धतशीरपणे तयार झाल्या, आणि १७०० पूर्वीची बव्हंशी मूळ रूपात असलेली इमारत सामान्यतः यादीत येते. हे कार्य स्तुत्य आहे. परंतु यादी उभ्या असलेल्या वास्तूंचीच होऊ शकते. पडलेल्यांची यादी शब्दांतून करावी लागते. मराठी दप्तरांत घर, वाडा, खोपट, खण, सोपा, ओटी, पडवी हे शब्द विखुरलेले आहेत. त्यांपैकी कोणता आकार सांगतो, कोणता मान सांगतो आणि कोणता केवळ हक्क सांगतो, याचा प्रांतवार व कालानुक्रमे तपास करणे हे आपल्या विद्यापीठांतील अभ्यासकांच्या आवाक्यातील काम आहे. जुनी घरे झपाट्याने पाडली जात असता आणि सुतार-गवंड्यांची बोली जाणणारे वृद्ध कारागीर विरळ होत असता त्यास विलंब परवडणारा नाही.